म्हातारा पिंट्या, सासूबाईंचा नवस आणि जेजुरीच्या पायऱ्या

नीरेकाठची

नमस्कार मंडळी. इथे रोज वाचत असते, लिहिते क्वचित. सध्या एक पेच पडलाय आणि घरात विचारावं तर प्रत्येकाचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, म्हणून धागा काढतेय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आमचा पिंट्या. गावठी, तांबडा, शेपटीचं टोक तेवढं पांढरं. तेरा वर्षं पूर्ण झाली. आम्ही लोणंदच्या अलीकडे राहतो, वाडा जुना, अंगणाला शहाबादी फरशी. दिवाळी होऊन काही दिवस झाले होते. सकाळी दूध घ्यायला उठले तर पिंट्या दारात आडवा. हाक मारली तशी उठायला गेला आणि डाव्या अंगावर धाडकन पडला. परत उठला, परत पडला. मान एका बाजूला कलंडलेली, तोंडातून लाळ, आणि डोळे! बुबुळं हळूहळू डावीकडे सरकायची आणि झटक्यात उजवीकडे यायची. सारखी, न थांबता. मी असं कधी पाहिलेलं नव्हतं. थोड्या वेळानं उलट्या सुरू झाल्या.

शेजारचे म्हणाले, पिसाळलाय, बांधून घाला. त्यांना नावं ठेवत नाही, लाळ गाळणारा, झोकांड्या खाणारा कुत्रा बघितल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? लशीची वही काढून दाखवली तेव्हा काठ्या खाली गेल्या. घरात सगळ्यांना वाटलं अर्धांगवायूचा झटका. नवऱ्यानं ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला. त्यांनी फोनवरच सांगितलं, वय झालंय, हाल करू नका, इंजेक्शन देऊन मोकळं करा, दुपारी येतो.

नवरा फोन ठेवून ओट्यावर बसला. मुलगा दहावीला आहे, तो शाळेत गेलाच नाही. सासूबाई काही न बोलता देवघरात गेल्या, भंडाऱ्याची कोयरी घेऊन आल्या आणि पिंट्याच्या कपाळाला बोटभर भंडारा लावला. खंडोबा आमचं कुलदैवत. म्हणाल्या, "मल्हारी, ह्यो तुझ्या दारचाच हाय. चार पायांवर उभा कर, तळी भरीन आन् त्याला घेऊन तुझ्या पायरीला येईन." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "आता नवस बोललाय. देवाला टाइम द्यायचा का नाय? त्या डॉक्टरला सांग, येऊ नगं."

त्यांच्यापुढे घरात कुणाचं चालत नाही. डॉक्टर आले नाहीत. संध्याकाळी दुसरे डॉक्टर मिळाले, तरुण आहेत, तालुक्याच्या गावी दवाखाना आहे त्यांचा. त्यांनी पिंट्याचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या, कपाळाकडे बघितलं आणि विचारलं, "हे पिवळं काय? कावीळ?" एवढ्या रडारडीत सगळे हसलो. त्यांनी कानात बॅटरी मारून बघितलं, एकेक पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला, पिंट्यानं तो लगेच सरळ केला. मग म्हणाले, हा झटका नसावा. आतल्या कानात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं ते बिघडलंय. म्हाताऱ्या कुत्र्यांत होतं. बहात्तर तास थांबा, तोवर कुठलाच निर्णय घेऊ नका.

सलाईन लावलं. बाटली टांगायला काही मिळेना, शेवटी तुळईला पाळण्याची कडी आहे, ज्या कडीला माझा मुलगा झोपला, नवरा झोपला, तिलाच अडकवली. उलटीचं इंजेक्शन दिलं. फरशीवर पाय घसरत होते म्हणून गोणपाट अंथरले, दोन्ही बाजूंना वाकळांच्या वळकट्या लावल्या. पाणी तो स्वतः पिऊ शकत नव्हता, तोंड भांड्याच्या बाजूला जायचं. मुलगा हनुवटी धरून बसायचा आणि मी पातेलं तिरकं धरायची.

पिंट्या उभा राहिला. आधी भिंतीला टेकून, मग गोल गोल फिरत, मग सरळ. आता अंगणात चालतो, जेवतो, पोस्टमनवर भुंकतो. मान अजून थोडी वाकडी आहे.

तर पेच असा. चंपाषष्ठी जवळ आली. सासूबाईंना नवस फेडायचाय आणि "त्याला घेऊन पायरीला येईन" हे शब्द त्यांनी उच्चारलेत. जेजुरीचा गड चढायचा म्हणजे पायऱ्या. पिंट्याला जमणार नाही. नवरा म्हणतो, उचलून नेऊ. मुलगा म्हणतो, हे सगळं थोतांड आहे, त्याला औषधानं बरं वाटलं. सासूबाई कुणाशीच वाद घालत नाहीत, फक्त खोबऱ्याच्या वाट्या आणून ठेवल्यात.

कुणी म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन असा प्रवास केलाय का? आणि नवसाचं काय करावं?

पोहेवाली

आधी पिंट्याला एक गोड पापा. पोस्टमनवर भुंकतो म्हणजे गडी पूर्ण बरा.

नाना_नास्तिक

तुमचा मुलगा हुशार आहे. तुम्हीच लिहिलंय, डॉक्टर म्हणाले बहात्तर तास थांबा. म्हणजे हा आजार आपोआप कमी होतो हे त्यांना माहीत होतं. नवस बोलला नसता तरी तो उठलाच असता. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही. सासूबाईंचं मन राखायला घरी तळी भरा, पण त्या मुक्या जिवाला गर्दीत नेऊ नका.

खूरपाय

मी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त. नोकरी सगळी गाई-म्हशींत गेली, पण घरी कायम कुत्री होती, म्हणून थोडं लिहितो.

तुमच्या तरुण डॉक्टरांचं कौतुक. पंजा उलटा ठेवून बघितला ना, तीच खरी परीक्षा. पंजा लगेच सरळ केला तर मेंदूपासून पायापर्यंतची तार शाबूत आहे असं धरायला जागा असते. बुबुळं आडवी हलत होती हेही चांगलं लक्षण. वर-खाली हलली असती तर मेंदूचं दुखणं असण्याचा संशय वाढतो. याला व्हेस्टिब्युलर सिंड्रोम म्हणतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत बऱ्याचदा कारण सापडतच नाही. पहिले एक-दोन दिवस फार वाईट जातात, तीन दिवसांत उतार दिसायला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री हिंडू-फिरू लागतात. मान थोडी वाकडी राहिली तर राहते, त्याचा त्रास त्यांना होत नाही. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर आपल्याला जसं गरगरतं, तसं त्याला दिवसरात्र होत असतं, म्हणून उलट्या. मळमळ थांबवायची, पाणी द्यायचं, पडून लागू द्यायचं नाही, एवढाच उपचार.

पण सगळी प्रकरणं अशी साधी नसतात. कानाच्या आत पू झालेला असतो, थायरॉइड कमी असतं, काही औषधांनीही असं होतं. जंतासाठी नि जुलाबासाठी लोक मनानेच मेट्रोनिडाझोल देत बसतात, त्याचा डोस जास्त झाला की कुत्रा असाच झोकांड्या खातो. जेंटामायसिनचे थेंब फाटलेल्या पडद्याच्या कानात गेले तरी तेच. एकदा रक्त तपासून घ्या. तुम्हाला शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे जाऊन या.

आणि शेजाऱ्यांचं बरोबर होतं. अचानक चाल बिघडलेल्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, लस झालेली असली तरी. हातमोजे वापरावेत. तुमच्या मुलानं हनुवटी धरली हे वाचून माझ्या पोटात गोळा आला.

नवसाबद्दल मी बोलत नाही. ते माझं खातं नव्हे.

घाटावरची

@नाना, अहो पण मूळ लेखात एक गोष्ट आहे, ती तुम्ही वाचली नाहीत. पहिला डॉक्टर दुपारी इंजेक्शन घेऊन येणार होता. नवस बोलला म्हणून तो आला नाही. बहात्तर तास थांबायचं हे संध्याकाळी कळलं. सकाळ ते संध्याकाळ पिंट्याला कुणी वाचवलं?

नाना_नास्तिक

म्हातारीच्या हट्टानं वाचवलं. तो हट्ट खंडोबाच्या नावानं केला, एवढंच. हट्टाला मी नमस्कार करायला तयार आहे.

घाटावरची

मग करा की. आम्ही त्यालाच येळकोट म्हणतो.

वसईकर

आमच्याकडे थोडं वेगळं. ४ ऑक्टोबरला असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण असतो, त्या सुमारास काही चर्चमध्ये प्राण्यांना आशीर्वाद देतात. आमची सोनी अकरा वर्षांची, मागच्या पायात संधिवात. वडिलांनी तिला टोपलीत घालून सायकलवरून नेलं. फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, तिनं अंग झाडून ते सगळं फादरांच्याच झग्यावर उडवलं. पाय काही बरे झाले नाहीत. वडील मात्र त्या दिवसापासून तिला रोज सकाळी गरम कापडानं शेकतात. आधी ते म्हणायचे, कुत्र्याला कशाला एवढं.

माझं मत, घेऊन जा. फक्त गर्दीचा दिवस सोडून.

आडवाटेचा

हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्या मोत्याला हेच झालं. अगदी हेच, लाळ, झोकांड्या, वाकडी मान. फक्त डोळे वर-खाली हलत होते. वरचा प्रतिसाद वाचून आज कळलं त्याचा अर्थ काय. आईनं नवस बोलला होता, आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. आम्हीही थांबलो. मुंबईला नेलं, परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात. तिथल्या लोकांनी जिवापाड केलं. मोत्या उठला नाही. शेवटी तेच इंजेक्शन द्यावं लागलं आणि ते देताना आईनं त्याच्या कपाळाला भंडारा लावला.

तुमचा पिंट्या बरा झाला याचा खरंच आनंद आहे. पण "नवसाला पावला" असं कुणी लिहिलं की मला विचारावंसं वाटतं, मग आमच्या आईच्या नवसात काय कमी होतं? ती अजून हाच विचार करते. तिला वाटतं तिनं बोलताना काहीतरी चुकीचं बोललं.

नाना_नास्तिक

@आडवाटेचा, आईंच्या नवसात काही कमी नव्हतं. मोत्याच्या मेंदूत दुखणं होतं. मी वर जरा फटकळपणे लिहिलं, तुमच्यासाठी ते नव्हतं.

खूरपाय

@आडवाटेचा, जे इंजेक्शन पहिल्या सकाळी फोनवर सांगणं घाईचं, तेच सगळं करून झाल्यावर देणं ही सेवा असते. मी नोकरीत अनेक बैलांना दिलं. प्रत्येक वेळी मालकानं आधी बैलाच्या पायावर पाणी घातलं, शिंगांना हळदकुंकू लावलं. एकानंही म्हटलं नाही की देव पावला नाही.

नीरेकाठची

@आडवाटेचा, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या बराच वेळ वाती वळत बसल्या होत्या, मग बोलल्या. त्यांच्याच शब्दांत लिहिते: "त्येंच्या आईला म्हनावं, नवस म्हंजी उधारी न्हाय. देवानं दिलं न्हाय तर आपल्याला द्यायचं काय ऱ्हात न्हाय. बोलण्यात चूक झाली म्हनून देव कुत्र्यावर राग काढत न्हाय, त्यो काय सावकार हाय व्हय? आन् तळी भरावी वाटली तर भरावी, मोत्याच्या नावानं. अडवलंय कुनी?"

@नाना, नवसानं पिंट्या बरा झाला असं मी कुठेच म्हटलेलं नाही, परत वाचा. मला जे दिसलं ते एवढंच की घरातला एक माणूस ठाम उभा होता. मी नव्हते. नवरा नव्हता. आम्ही दोघं दर तासाला "हाल तर होत नाहीत ना त्याचे" हेच बोलत होतो आणि फोनकडे बघत होतो. त्या मात्र दोन्ही रात्री त्याच्याजवळ घोंगडी टाकून झोपल्या. ओले गोणपाट बदलले, कूस बदलली. देवावर भार टाकून हातपाय जोडून बसल्या असत्या तर मी आज मुलाच्या बाजूनं लिहिलं असतं.

आडवाटेचा

आईला फोनवर वाचून दाखवलं. तिनं परत वाचायला लावलं. त्यांना नमस्कार सांगा.

माळरान

मी मूळचा जेजुरीजवळचा, त्यामुळे व्यावहारिक सांगतो. चंपाषष्ठीला गडावर पाय ठेवायला जागा नसते. ढोल, भंडाऱ्याची उधळण, पायऱ्यांवर रेटारेटी. नुकता तोल सावरलेला कुत्रा तिथे नेणं म्हणजे परत आजारी पाडणं. रविवारीही नको, खंडोबाचा वार, मरणाची गर्दी. भंडारा नाकातोंडात गेला तर शिंका-खोकला. बाजारात मिळणारा सगळाच भंडारा निव्वळ हळदीचा नसतो हेही ध्यानात ठेवा, त्याला चाटू देऊ नका.

पण सासूबाईंचे शब्द तुम्ही नीट वाचा. त्या "गडावर येईन" म्हणाल्या नाहीत. "पायरीला येईन" म्हणाल्या. पायरी खालीच आहे. आमच्याकडे गुडघे गेलेली म्हातारी माणसं पहिल्या पायरीवर भंडारा-खोबरं वाहून, तिथूनच हात जोडून परत जातात. ते दर्शन पुरं धरतात. आडवारी, सकाळी लवकर, गाडी पायथ्यापर्यंत.

घाटावरची

किंवा सोमवती अमावास्येला. त्या दिवशी देव स्वतःच पालखीतून गड उतरून कऱ्हेवर स्नानाला येतो.

माळरान

घाटावरची, तुम्ही कधी सोमवतीला जेजुरीत गेलायत का? लाखाने लोक असतात. तिथे माणसाला माणूस सापडत नाही, पिंट्या कुठे सापडायचा!

पोहेवाली

कुणीतरी धर्मराजाचा कुत्रा काढणार म्हणून वाट बघतेय, अजून कसा कुणी काढला नाही?

नाना_नास्तिक

मी काढतो. तो तरी स्वर्गाच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेला, त्याला कुणी उचललं नव्हतं. बाकी खंडोबा निदान कुत्र्याला बरोबर तरी ठेवतो, घोड्याच्या पायाशी. दत्ताच्या भोवती चार आहेत. आणि याच देशात रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारतात. श्रद्धाळूंनी यावर वेगळा धागा काढावा, मी तिथे भांडायला येईन.

खूरपाय

एक महत्त्वाचं राहिलं, चंपाषष्ठीवरून आठवलं. बऱ्याच घरांत त्या दिवशी नैवेद्याचं पान कुत्र्याला देतात. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद असतं आणि त्या दिवशी पहिल्यांदा भरीत होतं, वर भरपूर कांद्याची पात. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी. पात, कच्चा, शिजवलेला, कुठलाही. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो, त्यामुळे कुणाला संबंध लागत नाही. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते. घासभर भरिताने धडधाकट कुत्र्याला काही होणार नाही कदाचित, पण पाच घरांनी पाच पानं वाढली तर? म्हाताऱ्याला मुळीच नको. गोडाच्या पानात मनुका-बेदाणे असतील तर तेही काढा, त्याने मूत्रपिंडं जाऊ शकतात. दुखतंय म्हणून माणसाची डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल तर कधीच नको.

रोडगा द्या. ठोंबरा द्या, जोंधळे नि दही, फारतर मीठ कमी घाला. आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर १९६२ हा पशुसंवर्धनचा नंबर फोनमध्ये ठेवा, फिरतं पथक कधी येतं कधी येत नाही, पण सल्ला तरी मिळतो.

वसईकर

कांद्याचं मला माहीतच नव्हतं! सोनी आमच्याकडे सगळं खाते. आजपासून बंद.

नीरेकाठची

माळरान, तुमचा प्रतिसाद वाचून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मी काय म्हनलं ते मला म्हाईत हाय. गड तुम्हीच घातला त्याच्यात." म्हणजे इतके दिवस आम्ही तिघं पायऱ्यांवरून भांडत होतो आणि त्यांनी गडाचं नावच घेतलेलं नव्हतं.

तर ठरलं ते असं. चंपाषष्ठीला घरीच तळी. पाच जण लागतात ताट उचलायला. नवरा, दीर, दोन शेजारी, आणि पाचवा कोण यावर घोडं अडलं होतं. मुलगा म्हणाला, मी उचलतो, पण येळकोट म्हणणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "नगं म्हनू. ताट सरळ धर म्हंजी झालं." ज्या शेजाऱ्यांनी काठी काढली होती तेच दोघं येणार आहेत, सासूबाईंनीच सांगावा धाडला. पिंट्याच्या पानात रोडगा आणि ठोंबरा, भरीत नाही. या एका गोष्टीवर त्या जरा थांबल्या. देवाचं पान तोडून कसं वाढायचं? मग स्वतःच म्हणाल्या, देवाला पुरं पान, पिंट्याला त्याच्या सोसण्याचं.

जेजुरीला नंतर, आडवारी, सकाळी. मागच्या सीटवर गोणपाट अंथरून, निघण्याआधी डॉक्टरांना विचारून. प्रवासात मळमळू नये म्हणून गोळी देता येते म्हणाले ते. शिरवळला रक्त देऊन आलो. रिपोर्ट आला की खूरपायकाकांना इथेच विचारेन, चालेल ना?

खूरपाय

चालेल. आकडे नीट टंका, फोटो अंधुक येतात. आणि परत कधी तोल गेला तर घाबरू नका, हे उलटू शकतं. डोळे कसे हलतात त्याचं मोबाइलवर चित्रण करून ठेवा, डॉक्टर येईपर्यंत ते थांबलेलं असतं बऱ्याचदा.

पोहेवाली

नीरेकाठची, ते रोडग्याचं नीट सांगा ना. बाजरीचे की गव्हाचे? आमच्या पुण्यातल्या गॅसवर होतील का?

नीरेकाठची

आमच्यात बाजरीचे. पाककृतीच्या विभागात टाकते उद्या, इथे लिहिलं तर अ‍ॅडमिन ओरडतील.